जाळ्याचा पहारेकरी निवडताना

सोळाव्या शतकात वेरूळची पाटीलकी भोसले घराण्याकडे होती. गावाची राखण आणि वसुलीची जबाबदारी वतनाने बापाकडून मुलाकडे जाई, आणि रयतेचे मत विचारण्याचा रिवाज नव्हता. आज त्याच वेरुळास आलेल्या यात्रेकरूचा मोबाईल ज्या प्रकारच्या दूरसंचार जाळ्यांवर चालतो, त्यांच्यासाठी कोणासही वाचता येईल अशा मुक्तस्रोत आज्ञावली घडवणाऱ्या प्रकल्पांत (लिनक्स फाउंडेशनने असे अनेक प्रकल्प २०१८ मध्ये एका छत्राखाली आणले) तांत्रिक समित्यांवरील काही जागा मतदानाने भरल्या जातात.

सुरक्षा आणि निरीक्षण या दोन्हींत निष्णात असा मनुष्य अशा समितीवर का हवा, हे मार्च २०२४ च्या प्रकरणावरून स्पष्ट होते. 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लहानशा प्रणालीत, सुमारे दोन वर्षे इमानाने काम करून विश्वास संपादन केलेल्या एका अज्ञात सहकाऱ्याने चोरवाट पेरली होती. आणि ती सापडली ती कोण्या तपासणी दफ्तरात नव्हे, तर दूरस्थ संगणकात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानी आले म्हणून! नोंदी, मोजमापे आणि प्रत्येक विनंतीचा माग यांचे सातत्याने अवलोकन केल्याखेरीज असला सूक्ष्म विलंब एखाद्याच्या दृष्टीस योगायोगानेच पडायचा.

म्हणून अशा जागेसाठी मत देणाऱ्या आपल्या तरुण अभियंत्यांनी उमेदवाराची कीर्ती न पाहता त्याने तपासलेल्या आज्ञावली आणि उघडकीस आणलेले दोष वाचावेत, आणि मगच मत द्यावे.