टायरांची फेरपालट : अंतर आणि हेतू

'फेरपालट' हा शब्द मुळात शेतीचा. एकाच जमिनीवर एकाच पिकाचा भार वर्षानुवर्षे पडू नये, असा त्यामागील हेतू असतो. मोटारीचे टायर ठराविक अंतरानंतर एका जागेवरून दुसऱ्या जागी बसविण्याच्या क्रियेस गॅरेजात 'रोटेशन' म्हणतात. मात्र येथे अभिप्रेत आहे ते फिरणे नव्हे, जागा बदलणे होय. फिरत तर टायर सदैव असतोच. तेव्हा 'फेरपालट' हा शब्दच या क्रियेस अधिक साजतो.

झीज असमान का होते? १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० प्रमाणे आज बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाचे बळ पुढील चाकांना मिळते. गाडीचे सुमारे ६० टक्के वजन, वळविण्याचे काम आणि ब्रेकचा मोठा भागही त्यांच्याच वाट्याला येतो. २०१४ साली उत्पादन थांबलेल्या ॲम्बॅसेडरमध्ये बळ मागील चाकांना मिळत असल्याने झीज त्या मानाने वाटली जाई. अदलाबदलीचा क्रमही यावरूनच ठरतो. पुढील चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे जातात, मागचे मात्र बाजू बदलून पुढे येतात. मागील चाकांवर चालणाऱ्या गाडीत याच्या उलट. ज्या टायरवर दिशादर्शक बाण असतो, त्याची बाजू बदलता येत नाही.

फेरपालटीने पैसे वाचतात, असा सार्वत्रिक समज आहे. तो हिशेबाने तपासून पाहावा. नव्या टायरच्या खाचा सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात आणि झीज दाखविणारे उंचवटे १.६ मिलिमीटरला उघडे पडतात. म्हणजे वापरावयास ६.४ मिलिमीटर रबर मिळते. दर १० हजार किलोमीटरला पुढे १.६ आणि मागे ०.८ मिलिमीटर झीज होते, असे धरू. फेरपालट न केल्यास पुढची जोडी ४० हजारांवर आणि मागची ८० हजारांवर संपेल. ८० हजार किलोमीटरांत सहा टायर लागतील. फेरपालट केल्यास चारही टायर सुमारे ५३ हजारांवर एकदम संपतील. या दराने ८० हजारांना पुन्हा सहाच टायर लागतात! रबर तेवढेच झिजते.

मग लाभ कोणता? चारही टायरांची पकड सारखी राहते, आणि पावसाळ्यातील ओल्या रस्त्यावर हे फार मोलाचे ठरते. पुढील व मागील खोलीत मोठे अंतर पडले की पाण्यावर एक जोडी आधी घसरते. मागची जोडी आधी घसरली तर गाडी गर्रकन फिरते व चालकाला ती सावरता येत नाही. म्हणूनच दोनच नवे टायर घ्यावयाचे झाल्यास ते मागे बसवावेत, असे निर्माते सांगतात. चालकांचा कल बहुधा याच्या नेमका उलट असतो.

किती अंतराने, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर ८ ते १० हजार किलोमीटर असे आहे. या आकड्याला नियमापेक्षा स्मरणखूण मानणे बरे. सर्व्हिसिंगच्या वेळीच काम उरकते, ही त्याची मोठी सोय. खरा निकष खोलीमापकाने घेतलेल्या मापांतील फरक हा आहे. बळ न मिळणाऱ्या मागील टायरांच्या कडांवर करवतीच्या दात्यांसारखी झीज होऊ लागते. ती वेळीच पुढे आणली तर बुजते. मात्र दाते खोल झाल्यावर तोच टायर पुढे आणल्यास स्टिअरिंगवर थरथर आणि कानाला घरघर येते. दिरंगाईने केलेली फेरपालट न केल्याहून त्रासदायक ठरते ती अशी.

एकाच कडेची झीज चाकांच्या अलाइनमेंटचा दोष दाखविते, दोन्ही कडांची अपुऱ्या हवेचा आणि मध्यभागाची अधिक हवेचा. जागा बदलून हे दोष जात नाहीत. केवळ चारही टायरांत वाटले जातात.

राहिली स्टेपनी. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास निघालेल्या जादा चाकाचे हे नाव आपल्याकडे सामान्यनाम होऊन बसले. ती मूळ मापाची असेल तर पाचवी म्हणून फेऱ्यात घ्यावी. अरुंद व तात्पुरत्या वापराची असल्यास घेऊ नये. पुढील व मागील चाकांना हवा वेगवेगळी सांगितलेली असेल, तर जागा बदलताच ती नव्या जागेप्रमाणे भरून घ्यावी लागते.