कोनी पोर शे वं तू?

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात लाल कापडाचा गठ्ठा सुटला, तशी जुन्या कागदाची धूळ नाकात शिरली. समोर गावाचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर होतं. महसुलाच्या भाषेत हा गाव नमुना 14, खेड्यात याला कोतवाल बुक म्हणतात. शेजारी बसलेले मोडी वाचणारे काका ओळीवर बोट ठेवून सावकाश सरकत होते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचाही फरक नाही. मुलाचं नाव कुठं संपलं आणि बापाचं कुठं सुरू झालं, हे गावाकडची नावं तोंडात असलेल्यालाच उमगतं.

2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात अशी कित्येक रजिस्टरं पुन्हा उघडली गेली. मीही जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ जुळवायला आले होते. खापरपणजोबांचं नाव सापडलं, पण त्यांच्यापुढं नुसतं ‘मुलगा’. जन्माची वर्दी लगेच जायची, बारसं बाराव्या दिवशी. नोंद झाली तेव्हा बाळ बिननावाचंच. त्याच बापाला पुढच्या वर्षांत आणखी दोन मुलगे. यातले आमचे पणजोबा कोणते?

काका काही बोलले नाहीत. त्यांनी मृत्यूची पानं काढली. पहिले दोघं तान्हेपणीच गेले होते.

पणजोबांचं नाव उखर्डू. ते उकिरड्यावरून का पडलं, हे मला तिथं कळलं. मूल जगत नसलं की पुढच्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवायचं आणि उखर्डू म्हणायचं. भीक मागून आणलं असं सांगून भिका म्हणायचं, नाक टोचून नथ्थू, नाहीतर दगडू, धोंडू. मरणालाही ते नकोसं वाटावं, म्हणून. ज्या नावांना आपण आज गावंढळ म्हणतो, त्यांत एकेका आईचा जीव अडकलेला आहे.

पण त्या आईचं नाव रजिस्टरात नव्हतं. माझी वंशावळ पुरी झाली, तिच्यात चार पुरुष आणि शेवटी मी. मधे एकही बाई नाही.

फ्रान्समध्ये मात्र 1792 साली नागरी नोंदी सुरू झाल्या. त्या वह्यांत स्त्री माहेरच्याच आडनावानं लिहिली जाते, म्हणून तिथं आईवरून आजीपर्यंत माग काढता येतो. आपल्याकडे लग्नानंतर बापाचं नाव जातं, आडनाव जातं. असोद्याच्या उखाजी महाजनांची लेक जळगावात बहिणाबाई नथुजी चौधरी झाली. तिचं माहेर तिच्या कवितेमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांचं कोणी लिहिलं?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी आजीच्या माहेरी गेले. लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले. ओट्यावरच्या एका म्हातारीनं विचारलं, “कोनी पोर शे वं तू?” कुणाची मुलगी गं तू? मी वडिलांचं नाव सांगितलं. तिला ओळख पटेना. मग आजीचं सांगितलं. तिनं माझा हात धरून खाली बसवलं आणि आजी, आजीची आई, तिची आई, तिघींची नावं माहेरच्या गावांसकट सांगितली. ना मोडी, ना गठ्ठा.

ती नावं मी वंशावळीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवली. दाखल्याला त्यांचा उपयोग नाही. पण ज्यांच्या आज्या, मावश्या अजून आहेत, त्यांनी येत्या आखाजीला वही घेऊन ओट्यावर बसावं. रजिस्टर आपल्यासाठी थांबेल, त्या थांबणार नाहीत.