संघर्षाला खलनायक हवाच काय?

कथेत संघर्ष हवा, हे सूत्र नवे लेखक लवकर शिकतात; परंतु संघर्ष म्हणजे नायक आणि खलनायक यांची झुंज, हा समज सहजासहजी सुटत नाही. या दृष्टीने व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) पाहण्याजोगी आहे. धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर शाळा चालवू पाहतो. पोर शाळेत बसले, तर मेंढरांमागे कोणी जावयाचे? मास्तराचे म्हणणे रास्त आणि बापाची अडचणही खरी. पुढे दुष्काळ पडतो, वस्ती उठते. दोष कोणाचाच नसतो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील (१९६०) कौतिकही कोणा एका दुष्टाशी नव्हे, तर दारिद्र्याशी झुंजते.

जेथे साधने अपुरी, तेथे एक गरज भागविताना दुसरी मारावी लागते. ही निवड हाच खरा संघर्ष होय. खलनायक हरला की वाचक निश्चिंत होतो आणि परिस्थितीचा विचार तेथेच थांबतो. दोन्ही बाजू रास्त असल्या, म्हणजे निकाल वाचकालाच द्यावा लागतो. म्हणून नव्या लेखकाने दुष्ट माणूस शोधीत बसू नये. आपल्या पात्रांना काय परवडत नाही, हे पाहावे.