करडी फौज

सैनिकाचे डोळे रंगवताना आधी श्वास सोडायचा, मग ब्रश टेकवायचा. एवढं कळूनही माझी पहिली पलटण भूत बघितल्यासारखी डोळे वटारून उभी राहिली. माणूस २८ मिलिमीटरचा, त्याच्या डोळ्यात पांढरा ठिपका आणि त्या ठिपक्यात काळा. शेवटी व्हिडिओ कॉलवर आमच्या युद्धखेळांच्या क्लबातल्या एका मुरलेल्या आजोबांनी विचारलं, "हातभर अंतरावरून कुणाचे डोळे दिसतात का तुला?" नव्हते दिसत. "मग भुवईखाली सावली टाक आणि पुढचा घे."

हे २०२० च्या एप्रिलमधलं नॉटिंगहॅम. २३ मार्चपासून सगळं इंग्लंड घरात बसलेलं. बाहेरच्यांना हे गाव रॉबिनहूडचं. युद्धखेळ खेळणाऱ्यांना ते 'लेड बेल्ट' म्हणून ठाऊक, कारण पूर्वी हे सैनिक शिशाच्या मिश्रधातूत ओतले जात आणि ओतणारे बरेचसे इथलेच. 'वॉरहॅमर' हा खेळ १९८३ साली आणणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथे आहे. नेपोलियनच्या काळातल्या पलटणी बटणांसकट घडवणाऱ्या पेरी बंधूंचं कामही इथलंच.

या छंदातल्या प्रत्येकाच्या कपाटात एक ढीग असतो. हौसेने आणलेले, पण हात न लागलेले करडे प्लॅस्टिकचे सैनिक. इंग्रजीत त्याला 'पाइल ऑफ शेम' म्हणतात. आपल्याकडे न वाचलेल्या दिवाळी अंकांची चळत असते, त्यातलाच प्रकार. क्लब बंद, समोर खेळायला माणूस नाही, म्हणून लोकांनी तो ढीग उपसायला घेतला.

एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' लिहून घरातल्या जमिनीवरच्या लढायांना नियम दिले, तेव्हा सैनिक दुकानातून रंगवूनच येत. खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळी मारून त्यांना आडवं करायचं, एवढंच काम. आज दुपारभराच्या एका लढाईसाठी शेकडो तास रंगवण्यात जातात. मला तर वाटतं, लढाई हे निमित्त आहे. लॉकडाऊनने फक्त ते उघडं पाडलं.

काम असं चालतं. चौकटीतून हात, पाय, डोकी कातरून काढायची, साच्याची रेघ सुरीने खरवडायची. गोंद प्लॅस्टिक किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात. तयार सैनिक बाटलीच्या बुचावर चिकटवला की धरायला मूठ मिळते. मग प्रायमर, मग पातळ केलेले मूळ रंग. इथवर तो बालवाडीतल्या चित्रासारखा दिसतो. मग येतो वॉश, म्हणजे शाईसारखं काळपट पाणी. ते अंगरख्याच्या चुण्यांत, बोटांच्या फटींत आपसूक उतरतं आणि सपाट रंगाला अंग येतं. 'नल्न ऑइल' नावाच्या अशाच एका वॉशला लोक 'बाटलीतलं कसब' म्हणतात. शेवटी ड्राय ब्रश: रंग कागदावर पुसून ब्रश जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून फिरवायचा. चिलखताची कडी न् कडी वर येते. वॉर्निशचा फवारा मात्र मी पावसाळी हवेत मारला. सकाळी बघतो तर अख्ख्या घोडदळावर पांढरं दव पडलेलं.

गेम्स वर्कशॉपलाही दुकानं आणि कारखाना काही आठवडे बंद ठेवावा लागला. तरी मे २०२० ला संपलेल्या वर्षातली सुमारे २७ कोटी पौंडांची विक्री पुढच्या वर्षी ३५ कोटींवर गेली. सुपरमॅन झालेला हेन्री कॅव्हिल आपण घरी बसून सैनिक रंगवतो हे जाहीरपणे सांगू लागला, तेव्हा कित्येकांचा संकोच गेला असणार.

मी रंगवत होतो असईची फौज. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि त्यांच्यासमोर वेलस्ली, पुढे वॉटर्लू जिंकणारा. आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, असं विचारल्यावर त्याने असईचंच नाव घेतल्याचं सांगतात. ही लढाई इंग्लंडमधल्या टेबलांवर आजही मांडली जाते. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर आम्ही कुंभाराकडचे मावळे ठेवायचो, सगळ्यांचा चेहरा एकच, गाल गुलाबी. इथे मी एकेका गोलंदाजाच्या मिशीवर दुपार घालवत होतो. त्या तोफखान्याने वेलस्लीची माणसं कशी कापून काढली हे वाचल्यावर या लोकांना घाईत उरकणं बरं वाटेना.

२०२१ च्या मेमध्ये चार भिंतींच्या आत भेटायची मुभा मिळाली. आम्ही मोजके सहाजण जमलो. लढाई अकराला सुरू व्हायची होती. साडेबारापर्यंत सगळे एकमेकांचे सैनिक उलटेसुलटे करून बघत होते. आजोबांनी माझा एक गोलंदाज उचलला, चष्मा काढला, तो नाकाजवळ नेला.

"डोळे रंगवलेस की."

"तोफखान्याचेच फक्त," मी म्हटलं.

त्यांनी तो जागेवर ठेवला आणि फासे काढले.