गेलेलं गिऱ्हाईक कोणाला म्हणायचं? विक्रीच्या नोंदींतून ग्राहक-गळती मोजताना

आजचा विषय ग्राहक-गळती. इंग्रजीत याला ‘चर्न’ म्हणतात. आपल्याला ‘गळती’ हा शब्द शाळांमुळे ओळखीचा आहे आणि विदर्भात तर संत्र्याची फळगळही माहीत आहे. फरक एवढाच की गळलेलं फळ झाडाखाली पडलेलं दिसतं. गिऱ्हाईक जातं तेव्हा काही दिसत नाही. ते सांगून जात नाही, फक्त येणं बंद करतं. म्हणून गळती मोजण्याआधी ‘गेलं’ म्हणजे काय, हे ठरवावं लागतं.

काही धंद्यांत हे सोपं आहे. मोबाइलचं बघा. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ज्या दिवशी नंबर दुसरीकडे गेला, त्या दिवशी ग्राहक गेला. तारीख पक्की. पण सिम नुसतंच कपाटात पडून असेल तर? ट्रायच्या २०१३ च्या नियमानुसार वापर नसलेलं प्रीपेड सिम ९० दिवसांच्या आत बंद करता येत नाही, आणि खात्यात २० रुपये असतील तर मुदत पुढे वाढते. म्हणूनच ट्राय दर महिन्याला दोन आकडे देते: एकूण जोडण्या किती, आणि त्यांतल्या नेटवर्कवर खरोखर सक्रिय किती. बँकेत मात्र ग्राहकाने २ वर्षं व्यवहार केला नाही, की खातं निष्क्रिय धरतात. म्हणजे एकाकडे ९० दिवस, दुसऱ्याकडे २ वर्षं. दोन्ही बरोबर, कारण धंदे वेगळे.

आता इतवारीतल्या ठोक दुकानाचा विचार करा. इथे करार नाही, रिचार्ज नाही. आज माल नेला, पुढचा कधी नेईल ते त्याचं त्याला माहीत. अशा ठिकाणी आम्ही स्वतः एक चूक केली, ती आधी सांगतो.

पॅकिंगचा माल विकणाऱ्या एका व्यापाऱ्यासाठी आम्ही विक्रीच्या नोंदी तपासत होतो. काही गिऱ्हाइकं शहरातली मिठाईवाली, काही काटोल-वरुडकडची संत्र्याची व्यापारी मंडळी. आम्ही सरसकट नियम लावला: ९० दिवस खरेदी नाही, म्हणजे गेलं. यादी काढली ऑगस्टअखेर. काटोलच्या लाइनवरची जवळजवळ सगळी नावं ‘गेलेल्यां’त आली. मालक म्हणाले, ही लाइनच बंद करू, त्या सेल्समनलाही कमी करू. सेल्समन एकच वाक्य बोलला, “साहेब, आंबिया येऊ द्या ना.” मृगाची संत्री फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात, आंबियाची पावसाळा सरता सरता. मधल्या महिन्यांत खोकी घेऊन तो व्यापारी करणार काय? ऑक्टोबरात ऑर्डरी आल्या. सुदैवाने मालकांनी तोवर निर्णय थांबवला होता. चूक आमच्या व्याख्येची होती आणि तिच्यापायी एका माणसाची नोकरी जात होती.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो.

पहिली. प्रत्येक गिऱ्हाइकाची स्वतःची चाल बघायची. कामठीचा दुकानदार दर ८ दिवसांनी येत असेल, तर त्याचं २५ दिवसांचं मौन काळजीचं आहे. हंगामी गिऱ्हाइकाची तुलना मागच्या महिन्याशी नाही, तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करायची. कूलरच्या खसच्या ताट्या विकणाऱ्याचं गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येणार. त्याला जूनमध्ये विचारायचं: गेल्या उन्हाळ्यातल्या किती जणांनी या उन्हाळ्यात पुन्हा ताट्या नेल्या?

दुसरी. मुदत अंदाजाने ठरवायची नाही, जुन्या नोंदींवर तपासायची. समजा, दोन वर्षांपूर्वी ६० दिवस गप्प राहिलेली १०० गिऱ्हाइकं शोधली आणि त्यांतली ४० नंतर परत आलेली दिसली. मग ६० दिवसांची मुदत फारच घाईची. १२० दिवस गप्प राहिलेल्या १०० पैकी ६ च परतली असतील, तर १२० ची मुदत धरायला हरकत नाही. थोडी चूक राहणारच, पण ती किती, हे आता आपल्याला माहीत असतं.

तिसरी. एकच गिऱ्हाईक दोनदा मोजलं जात नाही ना, हे बघायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याच्या नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. त्यामुळे एकाच मालकाचं नागपूरचं आणि छिंदवाड्याचं दुकान टॅलीत दोन पार्ट्या म्हणून असलं, तरी मधल्या दहा अक्षरांवरून ते ओळखू येतं. पण वडिलांच्या पश्चात दुकान मुलाच्या नावावर आलं की पॅनही बदलतो. नोंदीत एक जुना ‘गेला’, एक नवा ‘आला’. प्रत्यक्षात दुकान तेच, ओटाही तोच. तिथे पत्ता आणि मोबाइल जुळवून बघावा लागतो.

आता गणित. तिमाहीच्या सुरुवातीला ४०० गिऱ्हाइकं होती. त्यांतली ३० गेली, ५० नवी आली. शेवटी ४२०. मालक खूश. पण गळतीचा दर काढताना नवी मंडळी बाजूला ठेवायची: ३० भागिले ४००, म्हणजे साडेसात टक्के. हाच दर वर्षभर राहिला तर? चारने गुणून ३० टक्के म्हणू नका. दर तिमाहीला उरलेल्यांतले साडेसात टक्के जातात. म्हणून ०.९२५ चारदा गुणायचं. उरतात सुमारे ७३ टक्के. मूळच्या ४०० पैकी वर्षअखेर साधारण २९३ राहतील, १०७ जातील. नव्यांच्या गर्दीत हे १०७ दिसत नाहीत.

डोकी मोजून झाली की रुपये मोजा. गेलेली ३० जण मिळून विक्रीच्या २ टक्केच माल नेत असतील, तर झोप उडवून घेऊ नका. उलट एकही नाव न गळता धंदा गळू शकतो. जुना माणूस सुतळी आपल्याकडूनच नेतो, पण खोकी दुसरीकडून घ्यायला लागला. यादीत तो हजर आहे, त्याचा पैसा मात्र गेला. म्हणून त्याच गिऱ्हाइकांची यंदाची आणि गेल्या वर्षीची खरेदी शेजारी-शेजारी मांडायची.

एक सावधगिरी. मुदत १२० दिवसांची असेल, तर गेल्या चार महिन्यांतल्या गळतीबद्दल आज पक्कं बोलता येत नाही. तिथे ‘गेलं’ न लिहिता ‘गप्प आहे’ असं लिहायचं.

आणि ही ‘गप्प’ मंडळींची यादीच खरी कामाची, कारण गेलेल्याला परत आणण्यापेक्षा गप्प असलेल्याला विचारणं सोपं. घरी जाऊन आपापल्या नोंदींतून अशी दहा नावं काढा. प्रत्येकासमोर त्याची नेहमीची चाल लिहा, शेवटची तारीख लिहा. मग ती यादी लाइनवर फिरणाऱ्या माणसाला दाखवा. दहांपैकी चार-पाच नावांचं कारण तो उभ्या उभ्या सांगेल. ते कारणही नावासमोर लिहून ठेवा. पुढच्या वेळी मुदत ठरवताना तेच उपयोगी पडेल.

आता प्रश्न घेऊ या.