वंश कवटीत सापडतो का?

परवा एका ज्युनिअरने पेटच्या मुलाखतीसाठी तयार केलेली सिनॉप्सिस मला वाचायला दिली. विषय रक्तक्षयाचा. व्हेरिएबल्सच्या यादीत वय, लिंग, आहार यांच्याखाली एक ओळ होती: ‘जैविक घटक – वंश/जात’. मी विचारलं, हे जैविक कसं? ती म्हणाली, “दादा, माणसामाणसांत फरक तर दिसतोच ना. ‘वंश ही सामाजिक संकल्पना आहे’ हे मी पाठ केलंय, पण का ते कोणी सांगितलंच नाही.” बरोबर आहे तिचं. हे वाक्य आपण सगळेच पाठ करतो आणि पॅनेलने पुढचा प्रश्न विचारला की अडकतो.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत ‘वंश’ म्हणजे मुळात कुळाची परंपरा: यादव वंश, वंशावळ, वंशाचा दिवा. त्याच शब्दाने आपण ‘रेस’चंही भाषांतर केलं. वंशावळ खरी असते, पणजोबा होऊन गेलेलेच असतात, म्हणून रेसही तशीच खरी असणार असं नकळत वाटायला लागतं. रेसचा दावा मात्र वेगळा आणि बराच मोठा आहे: माणसांचे मोजकेच, एकमेकांपासून स्पष्ट वेगळे, शरीरावरून ओळखू येणारे गट आहेत आणि त्यांचे गुण, बुद्धीसकट, पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. तपासायचा आहे तो हा दावा.

भारतात तो मोजून दाखवायचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न हर्बर्ट रिस्ली यांचा. १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त. त्यांचं आवडतं माप नाकाचं: रुंदी भागिले उंची, गुणिले १००. ७० च्या खाली आलं तर बारीक नाक, ८५ च्या वर गेलं तर रुंद. जात जितकी वरची तितकं नाक बारीक, असा त्यांचा निष्कर्ष. भारतीयांचे त्यांनी सात प्रकार पाडले आणि मराठी ब्राह्मण व कुणबी यांना एकाच ‘शक-द्रविड’ खात्यात टाकलं. (घरी सांगून बघा, आपण शक-द्रविड आहोत म्हणून.)

मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’मध्ये ही मापं प्रांतवार तपासली. आजच्या उत्तर प्रदेशच्या पट्ट्यात उतरंड आणि नाक यांचा मेळ बसत होता, बाहेर तो टिकत नव्हता. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये बाबासाहेबांनी घुर्येंचीच आकडेवारी घेतली. अस्पृश्य वेगळ्या वंशाचे, म्हणून अस्पृश्य, असा तेव्हा एक सिद्धांत होता. बाबासाहेबांनी काय केलं बघा. नाक मोजणं हा मूर्खपणा आहे असं म्हणून ते मोकळे झाले नाहीत. ते शास्त्र त्यांनी खरं धरलं आणि त्याच मापांवरून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. एक आर्य असेल तर दुसराही आर्य, एक द्रविड असेल तर दुसराही द्रविड. सिद्धांत त्याच्याच पुराव्याने पडला. लिटरेचर रिव्ह्यू कसा करावा यावर मी ऐकलेल्या कुठल्याही वर्कशॉपपेक्षा हे प्रकरण जास्त शिकवतं.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. इरावती कर्वे आपल्याला ‘युगान्त’मुळे माहीत असतात. त्यांची पीएचडी मात्र कवट्यांवर आहे, आणि तीही बर्लिनच्या कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटमधली. मानववंशशास्त्र आणि युजेनिक्सची ही संस्था १९२७ ला सुरू झाली. गाईड होते तिचे संचालक ऑयगेन फिशर. पुढे हिटलरच्या राजवटीत, १९३३ ला, हेच बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. मानवी कवटी डावी-उजवीकडे अगदी सारखी नसते. फिशर यांचं गृहीतक असं की हा असमतोल गोऱ्या युरोपियनांत वेगळा आढळेल आणि त्याचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी असेल. इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या. असमतोल सगळीकडे होता, पण वंशाशी त्याचा काहीच संबंध लागेना. त्यांनी तेच लिहिलं. फिशर यांनी सगळ्यात खालची श्रेणी दिली. पदवी मिळाली, १९३० मध्ये. परदेशात, पंचविशीत, गाईडच्या गृहीतकाविरुद्ध निष्कर्ष लिहिणं काय असतं हे आपल्यापैकी ज्यांनी गाईडला साधा ग्राफ बदलायला सांगून पाहिलंय त्यांना कळेल.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. भारतात परतल्यावर इरावतीबाईंनी माणसं मोजणं सोडलं नाही. १९५१ ला वि. म. दांडेकरांसोबत महाराष्ट्रातल्या शरीरमापनाचं पुस्तक काढलं, १९६८ ला कैलाश मल्होत्रांसोबत महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना केली. ‘ब्राह्मण’ नावाची एकसंध जैविक वस्तू मिळाली नाही, मिळाले आपसातच लग्न करणारे वेगवेगळे गट.

मग जीन्सचं काय? रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये हिशोब केला: मानवी जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत असते, तथाकथित वंशांमधली जेमतेम ६ टक्के. यावर एडवर्ड्स यांचा २००३ चा आक्षेप मुलाखतीत हमखास येतो: एकेक जीन काही सांगत नसला तरी शेकडो एकत्र घेतले तर माणूस कुठल्या भागातला ते ओळखता येतं. हे खरंच आहे, नाकारू नका. पण किती गट पाडायचे ते संगणकाला आपण सांगतो. रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात पाच गट मागितले तेव्हा पाकिस्तानातले बहुतेक नमुने युरोपियनांच्याच गटात गेले. सहा मागितले तेव्हा सहावा गट निघाला पाकिस्तानातल्याच कलाश या छोट्याशा समाजाचा. त्याला सहावा वंश कोणी म्हणत नाही.

मी हे असं समजून घेतो. पाऊस पश्चिम घाटाकडून आपल्याकडे येताना कमी होत जातो, तालुक्याच्या हद्दीवर तो थबकत नाही. पण दुष्काळ जाहीर होतो तालुक्याचा. बांधाच्या अलीकडच्याला अनुदान, पलीकडच्याला नाही, माती तीच. रेष माणसांनी काढली, परिणाम मात्र पोटाला लागतो. ‘सामाजिक’ म्हणजे ‘खोटं’ नव्हे, ते असं.

आणि रेष जागेनुसार बदलते. आपलं शहर खडकी म्हणून १६१० ला वसवणारा मलिक अंबर हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा पेशवा झाला. जहांगीर त्याच्या काळेपणावरून त्याला शिव्या घालायचा, पण इथे त्या रंगाने सत्तेची वाट बंद झाली नाही. त्याच्या हयातीतच, १६१९ ला, व्हर्जिनियात आफ्रिकन माणसं विकली जात होती. तिथे पुढे कातडीच कायदा झाली.

उलटा प्रवासही होतो, आणि ज्युनिअरची सिनॉप्सिस इथेच अडकली होती. २०१३ च्या मूरजानी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी भारतात मोठी सरमिसळ झाली, नंतर ती आटली. जातीअंतर्गत विवाह हाच जातीचा गाभा, हे आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबियात मांडलं होतं. म्हणजे लग्नाच्या नियमाने जीन्सवर ठसा उमटवला. जीन्सने जात घडवली नाही. सिकलसेल घ्या: नंदुरबार, गडचिरोलीत आहे, तसाच आफ्रिकेच्या मोठ्या भागात, अरबस्तानात, ग्रीसमध्येही. या जागांना जोडणारा धागा मलेरिया आहे, वंश नव्हे.

तिने ती ओळ खोडली. आता तिथे आहे: नात्यातला विवाह, मूळ गावाचा मलेरियाचा इतिहास, सिकलसेल तपासणी. जात ठेवली आहे, पण सामाजिक घटकांत, उत्पन्न आणि दवाखान्याच्या अंतराशेजारी.