चार टीबी, दहा तास

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या घरी साड्यांच्या कपाटाइतकंच जपलेलं आणखी एक कपाट असतं, हार्ड डिस्कचं. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका घरात मी ते पाहिलं. प्रत्येक डिस्कला पांढरी पट्टी चिकटवलेली: ‘मे, सिन्नर, हळद + लग्न’, ‘मुंज, ओझर’, ‘द्यायचे बाकी’. एकीवर लाल शाईत एवढंच, ‘आवाज येतो’. ही डिस्क उघडायला कोणी धजत नव्हतं. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी एखादा फोन येतो, आजोबा गेले, त्यांचा पंक्तीतला एक फोटो आहे का बघा, आणि मग कपाट उपसायला लागतात. हे ऐकलं आणि घरात ‘नॅस’ बसवायचं ठरलंय असं कळलं, तेव्हा मी ते काम बघायला थांबलो.

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी. ती कोणा एका कॉम्प्युटरची नसते. घरात फोटो काढणारा, अल्बम लावणारी त्याची बायको आणि व्हिडिओ कापणारा भाचा, असे तिघं तीन खोल्यांत काम करतात. आजवर डिस्क हातोहात या खोलीतून त्या खोलीत जायची, आणि वाटेत कधी तरी पडायची. आता दोन कप्प्यांची पेटी आली होती. कप्प्यांत चार-चार टीबीच्या दोन डिस्क, एकीवर जे लिहिलं जाईल ते दुसरीवरही लिहिलं जाणार.

पेटीच्या जाहिरातीत पेटीच चमकते. प्रत्यक्षात दिवस गेला तो वायर ओढण्यात. त्या कामाला आलेले गृहस्थ पन्नाशीचे. आधी गच्च्यांवरून केबल टीव्हीच्या वायरी टाकायचे, मग सीसीटीव्ही आले, आता हे. घरातले त्यांना दादा म्हणत. आल्या आल्या भाच्याने विचारलं, “दादा, वायफायवर नाही का होणार?” ते भिंतीला कान लावून आतला पाइप ठोकून बघत होते. म्हणाले, “होईल की. चार टीबी भरायचेत ना तुला? वायरीवर दहा तास. वायफायवर मी शब्द देत नाही.”

हे दहा तास नंतर दिवसभर घरात फिरत राहिले. हिशोब सरळ आहे. गिगाबिटच्या वायरीतून सेकंदाला हजार मेगाबिट जातात, आठाने भागलं की सव्वाशे मेगाबाइट, आणि व्यवहारात एकशे दहाच्या आसपास. चार टीबीला त्या वेगाने दहा तास लागतात.

ड्रिलखाली विटेची जळकट, ओलसर धूळ उडत होती. पाइपातून स्टीलची लवचीक पट्टी घालून कॅट सिक्स केबल ओढली, कोपऱ्यावर केसिंगची पट्टी मारली. मग दादा जमिनीवर मांडी घालून बसले आणि केबलचं टोक सोललं. आत चार जोड्या, एकमेकींभोवती पिळलेल्या. हा पीळ शोभेचा नव्हे. जोडीतल्या दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडावा आणि टोकाला तो वजा व्हावा, ही १८८१ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेलने टेलिफोनसाठी पेटंट घेतलेली युक्ती. दादांना बेलशी कर्तव्य नाही, पण पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलायचा नाही, हे त्यांच्या बोटांना पाठ आहे. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. अंगठ्याच्या नखाखाली आठही तारा त्यांनी गजऱ्यासाठी कळ्या जुळवाव्यात तशा सपाट केल्या, कातरून सरळ केल्या, कनेक्टरमध्ये घातल्या आणि क्रिम्पिंगचं हत्यार दाबलं. माझी नजर पुन्हा पुन्हा त्या अंगठ्याकडे जात होती. नख मधोमध चिरलेलं, वर्षानुवर्षांचं.

एका खोलीतलं टोक टेस्टरला लावण्याआधीच भाच्याने कॉम्प्युटरला खुपसलं. “चाललं! नेट आलं!” दादांनी ते काढून टेस्टरला लावलं. एक, दोन, तीन दिवे लागले, चौथा नाही, पाचपासून पुढे पुन्हा सगळे. “नेट येणारच. शंभराच्या वेगाला आठातल्या चारच तारा पुरतात, एक, दोन, तीन आणि सहा. निळी मेली तर कळतसुद्धा नाही. फक्त तुझे दहा तास चार दिवसांवर जातात.” त्यांनी टोक कापून फेकलं आणि नवं केलं. त्या खोलीत हे कोणाला कधी कळलं नसतं. पेटी मंद आहे म्हणून शिव्या मात्र पेटीला बसल्या असत्या. तिच्या किमतीपुढे या अंगठ्याची मजुरी किती, हे मी बिलावर पाहिलं, आणि मला ते पटलेलं नाही.

पेटी सुरू करणं भाच्याचं काम, तेही लवकर उरकलं. राउटरमध्ये तिला कायमचा पत्ता दिला, बाहेरून कोणी आत येऊ नये म्हणून राउटरची दारं बंदच ठेवली. चार टीबीची डिस्क पडद्यावर तीन पूर्णांक सहा दिसली, कारण विकणारा हजाराने मोजतो आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसने. विंडोजच्या कॉम्प्युटरला पेटीतल्या लिनक्सशी बोलायला लावतं ते सांबा, कॅनबेरातल्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेलं आणि फुकट वाटलेलं. घरात त्याचं नावही कोणी घेतलं नाही.

खरी गंमत परवानग्यांच्या वेळी आली. कोणी कुठल्या फोल्डरमध्ये काय करायचं, हे भाचा विचारत होता. वहिनी अल्बममधून मान वर न करता म्हणाल्या, “मूळ फोटोंच्या फोल्डरमधून यांना डिलीट देऊ नकोस.”

“माझेच फोटो आहेत!”

“मागच्या वर्षी मुंजीचं कार्ड कोणी पुसलं?”

भाच्याने मामाकडे न बघता खूण काढली. घरचा धनी स्वतःच्या फोटोंचा नुसता वाचक झाला. एखाद्या घरात खरा कारभार कोणाकडे आहे, हे त्या पडद्यावरच्या तक्त्याइतकं स्पष्ट मी कुठे पाहिलेलं नाही.

मग दादांनी न सांगता चालू पेटीतली एक डिस्क सर्रकन ओढून बाहेर काढली. पेटी कर्कश ओरडायला लागली, फोटोग्राफर खुर्चीतून उठला. “बसा. फोटो उघडून बघा.” उघडला. भाच्याने घाईघाईने पडद्यावरून भोंगा बंद केला. डिस्क परत घातली, आता तिची नक्कल पुन्हा भरायला रात्र लागणार होती. “पण हे बॅकअप नव्हे बरं का,” दादा म्हणाले. “एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. चोर नेणार ती अख्खी पेटीच नेणार.”

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा नियम ज्याने लोकप्रिय केला तो पीटर क्रो स्वतः अमेरिकन फोटोग्राफरच. तेव्हा बाहेरची प्रत कुठे ठेवायची? क्लाउडला दरमहा भाडं, आणि घरच्या इंटरनेटवरून एवढा माल वर चढायचा कधी? वहिनी म्हणाल्या, सिन्नरला माहेरी, लोखंडी कपाटात. फोटोग्राफर म्हणाला, दर महिन्याला कोण नेऊन देणार? भाच्याने मोटारसायकलच्या पेट्रोलचा विषय काढला. दादांनी हत्यारं पिशवीत भरली, चहा संपवला, बाहेरच्या प्रतीसाठीच्या नव्या डिस्कच्या खोक्यावर बोट ठेवून म्हणाले, ही आज रात्री लावून भरून घ्या, दहा तास. पण पोचवायची कोणी, यावर मी निघेपर्यंत तिघांचं एकमत झालं नव्हतं.